आरव्हीने अमेरिका ओलांडताना नातेवाइकांकडे मुक्काम : तयारीचा योग्य क्रम

भारतातून आईवडील सहा महिन्यांसाठी आले, मुलांच्या शाळेला सुटी लागली, की अमेरिकेतील अनेक मराठी घरांत आरव्ही, म्हणजे झोपण्याची, स्वयंपाकाची आणि संडासाची सोय असलेली मोठी गाडी, भाड्याने घेऊन पूर्व किनाऱ्यावरून पश्चिमेकडे जाण्याचा आणि वाटेत क्लीव्हलंडची मावशी, शिकागोजवळचा चुलतभाऊ, सॉल्ट लेक सिटीतील जुने शेजारी अशा सगळ्यांना भेटण्याचा बेत शिजतो. बेत चांगला असतो, पण त्याच्या तयारीचा क्रम बहुतेक वेळा उलटा लागतो. आधी मोठी गाडी आरक्षित केली जाते, मग नकाशा उघडला जातो आणि नातेवाइकांना मात्र ‘आम्ही येतोय’ एवढेच कळवले जाते. ३० फूट लांब आणि १२ फूट उंच गाडी महामार्गावर बहुतेक ठिकाणी मावते. ती अडते ती नातेवाइकाच्या गल्लीत, त्याच्या ड्राइव्हवेच्या (रस्त्यापासून गॅरेजपर्यंतच्या वाटेच्या) चढावर आणि त्याच्या गॅरेजमधल्या प्लगपाशी. म्हणून या लेखातील क्रम त्या दारापासून सुरू होतो. उदाहरणासाठी न्यू जर्सीतील एडिसन ते कॅलिफोर्नियातील फ्रीमॉन्ट हा प्रवास, मुख्यतः आय-८० या महामार्गाने, धरला आहे.

१. प्रत्येक यजमानाकडून पाच गोष्टी विचारून घ्या

हे काम प्रवासाच्या किमान तीन महिने आधी करावे. फोनवर ‘जागा भरपूर आहे, या तुम्ही’ हे उत्तर मिळेल, आणि ते मनापासूनचे असेल, पण त्यावर विसंबून राहू नये. पुढील माहिती छायाचित्रांसह मागवावी.

पहिली गोष्ट घरमालक संघटनेचा नियम. ज्या वसाहतीत अशी संघटना असते तिथे आरव्ही घरासमोर उभी करण्यावर बहुधा बंधन असते. काही ठिकाणी सामान चढवण्या-उतरवण्यापुरते एक-दोन दिवस चालतात, काही ठिकाणी तेही नाही. संघटना नसली तरी शहराचा स्वतःचा नियम असू शकतो, आणि रस्त्यावर रात्रभर गाडी लावण्याबाबत तो अधिक कडक असतो. दंड यजमानाच्या नावे येतो आणि तो तुम्हाला संकोचाने सांगतही नाही, म्हणून हा प्रश्न टाळू नये. दुसरी गोष्ट ड्राइव्हवेची लांबी आणि तो रस्त्याला मिळतो तिथला चढ. मागच्या चाकांच्या पलीकडे गाडीचा बराच भाग लोंबता असतो आणि चढ तीव्र असला की तो जमिनीला घासतो. तिसरी गोष्ट वरची मोकळी जागा, म्हणजे झाडांच्या फांद्या आणि वीज किंवा केबलच्या तारा. चौथी, गॅरेजबाहेरील विजेचा प्लग किती अँपियरचा आहे आणि त्याच सर्किटवर घरातील आणखी काय चालते. पाचवी, पदपथ न अडवता गाडी उभी राहील का.

तपासा : पाचपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर ‘बघू, आल्यावर ठरवू’ असे आले, तर त्या घरापासून पंधरा-वीस मिनिटांवरचे कॅम्पग्राउंड, म्हणजे आरव्ही मुक्कामाला लावण्याची जागा, शोधून ठेवावे. माझ्या मते मोठ्या शहराच्या उपनगरांत हाच पर्याय मूळ बेत म्हणून धरावा. गाडी तिथे वीज-पाण्याला जोडून ठेवावी आणि यजमानाच्या मोटारीने घरी ये-जा करावी. यात पाहुणचाराला काही उणे पडत नाही.

२. मग गाडी निवडा, आणि झोपण्याच्या जागा नव्हे, पट्टे मोजा

भाड्याने मिळणाऱ्या आरव्ही साधारण तीन वर्गांत मोडतात. ए वर्ग बसएवढा, बी वर्ग मोठ्या व्हॅनएवढा, आणि सी वर्ग दोन्हींच्या मधला, ज्यात चालकाच्या केबिनवर एक बिछाना असतो. कुटुंबे बहुधा सी वर्ग घेतात. जाहिरातीत ‘सहा जणांची झोपण्याची सोय’ असे लिहिलेले असते, पण प्रवासात बसण्यासाठी सुरक्षा पट्टे असलेल्या जागा पाचच असू शकतात. मुलांच्या कार सीटसाठी तर पुढे तोंड असलेले, पट्ट्याचे आसन लागते. आडव्या बाकावर कार सीट बांधता येत नाही.

सावधान : ‘आजी मागे पलंगावर पडून राहील’ हा विचार मनातून काढून टाकावा. चालत्या गाडीत जोराचा ब्रेक लागला की पलंगावरील माणूस थेट पुढे फेकला जातो. ज्येष्ठांना तासाभराने उतरून पाय मोकळे करता येतील असा प्रवास आखावा, आणि केबिनवरचा बिछाना, ज्याला शिडीने चढावे लागते, त्यांना देऊ नये.

पहिल्या टप्प्यात कळलेला सर्वांत लहान ड्राइव्हवे लक्षात घेऊनच लांबी ठरवावी. २५ फूट आणि ३० फूट यांतला फरक महामार्गावर जाणवत नाही, गल्लीत जाणवतो. राष्ट्रीय उद्याने वाटेत घेणाऱ्यांनाही हे लागू आहे. मोंटानातील ग्लेशियर उद्यानाच्या ‘गोइंग टू द सन’ रस्त्याच्या डोंगराळ भागात २१ फुटांपेक्षा लांब वाहनाला मुळी प्रवेशच नाही.

३. करार आणि विमा वाचून मगच पैसे भरा

भाड्याच्या आकड्यावर बेत ठरवणे ही नेहमीची चूक. करारात रोजच्या मैलांची मर्यादा, जनरेटरच्या तासांचा आकार, एका शहरात घेऊन दुसऱ्या शहरात सोडण्याचे शुल्क, टोलवरील हाताळणी शुल्क आणि स्वच्छतेचा दंड हे वेगळे असतात. एडिसन ते फ्रीमॉन्ट सरळ गेल्यास सुमारे २,९०० मैल होतात. नातेवाइकांकडची वळणे धरून ३,३०० मैल धरावेत. सी वर्गाची पेट्रोलवरील गाडी एका गॅलनमध्ये ८ ते १० मैल जाते, म्हणजे इंधन ३३० ते ४१० गॅलन लागेल. हा आकडा भाड्याशेजारी मांडून मगच निर्णय घ्यावा.

विम्याबाबत दोन गैरसमज फार पसरलेले आहेत. क्रेडिट कार्डावर मिळणारे भाड्याच्या मोटारीचे संरक्षण बहुतेक वेळा आरव्हीला लागू नसते. तुमच्या रोजच्या मोटारीचा विमाही आपोआप लागू होईल असे नाही; विमा कंपनीकडून लेखी उत्तर घ्यावे. रस्त्यावरील मदतीच्या सदस्यत्वाचेही तसेच आहे. साध्या सदस्यत्वात आरव्ही ओढून नेण्याची सोय अनेकदा नसते. आईवडिलांचा प्रवासी आरोग्य विमा प्रवासाच्या सर्व तारखांना पुरतो का, हे याच वेळी पाहून घ्यावे.

४. मार्ग : उंची, गॅस आणि वारा या क्रमाने तपासा

फोनवरील रोजचे नकाशे गाडीची उंची विचारात घेत नाहीत. उंची, लांबी, वजन आणि गॅस असल्याची नोंद भरता येणारा, आरव्हीसाठीचा जीपीएस किंवा ॲप वापरावे, आणि गाडीची उंची छतावरील एसीसह कागदावर लिहून चालकासमोर चिकटवावी.

न्यूयॉर्क आणि कनेटिकटमधील अनेक ‘पार्कवे’ फक्त लहान मोटारींसाठी आहेत. कनेटिकटच्या मेरिट पार्कवेवर ८ फुटांपेक्षा उंच वाहन चालत नाही. आरव्हीत स्वयंपाकासाठी प्रोपेन गॅसची टाकी असते, त्यामुळे न्यू जर्सीतून मॅनहॅटनकडे जाणारे हॉलंड आणि लिंकन हे दोन्ही बोगदे बंद. क्वीन्समधील आत्याकडे जायचे असेल तर जॉर्ज वॉशिंग्टन पुलाच्या वरच्या मजल्यावरून जावे. बाल्टिमोरच्या दोन्ही बंदर बोगद्यांतही आरव्हीतील प्रोपेनच्या मोठ्या टाकीला मनाई आहे. पूर्वी अशा गाड्या फ्रान्सिस स्कॉट की पुलावरून जात. तो पूल २६ मार्च २०२४ रोजी जहाज धडकून कोसळला, तेव्हापासून शहराभोवतीच्या आय-६९५ या महामार्गाने पश्चिमेकडून वळसा घ्यावा लागतो. मेरीलँडला नातेवाईक असणाऱ्यांनी जुन्या सल्ल्यावर जाऊ नये.

वाऱ्याकडे आपल्या लोकांचे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. आरव्ही म्हणजे चाकांवरची उभी भिंत. वायोमिंगमध्ये आय-८० शायान आणि लारामी यांच्यामध्ये ८,६४० फुटांवर चढतो, आणि लारामी ते रॉलिन्स या पट्ट्यात वारा इतका जोरदार असतो की हलक्या, उंच वाहनांसाठी रस्ता वेळोवेळी बंद केला जातो. त्या राज्याच्या रस्ते विभागाची माहिती आदल्या रात्री आणि सकाळी निघताना, अशी दोनदा पाहावी. वारा सहसा दुपारी वाढतो, म्हणून हा पट्टा पहाटे पार करावा.

रोजचे अंतर ३०० मैलांच्या आत ठेवावे आणि दुपारी तीन-चारच्या सुमारास मुक्काम गाठावा. सवयीच्या मोटारीत आपण एका दिवसात ६०० मैल जातो, तोच हिशेब इथे लावला की रात्री दहाला अनोळखी गल्लीत, अंधारात, दमलेल्या माणसाला मोठी गाडी मागे घ्यावी लागते. ३,३०० मैलांसाठी गाडी चालवण्याचे अकरा दिवस धरा, त्यात प्रत्येक नातेवाइकाकडचे दिवस मिळवा आणि वर किमान दोन मोकळे दिवस ठेवा. ‘आलाच आहात तर उद्याचा दिवस राहा’ हा आग्रह होणारच; तो मोडायचा नसेल तर त्याची जागा वेळापत्रकात आधीच असली पाहिजे.

तपासा : राष्ट्रीय उद्यानांतील बऱ्याच कॅम्पग्राउंडचे आरक्षण सहा महिने आधी खुले होते. उन्हाळ्यात जायचे असल्यास या तारखा नातेवाइकांच्या तारखांआधी पक्क्या कराव्यात. चुलतभाऊ एक दिवस पुढेमागे होऊ शकतो, यलोस्टोनमधील जागा होत नाही.

५. सामान : वजन, औषधे आणि कढीपत्ता

गाडीच्या दारापाशी एक पिवळा स्टिकर असतो. त्यावर माणसे आणि सामान मिळून किती वजन चालेल ते लिहिलेले असते. पाणीही वजनातच धरायचे. एक गॅलन पाणी सुमारे ८.३ पौंड भरते, म्हणजे ४० गॅलनची भरलेली टाकी ३३० पौंडांच्या वर जाते. महामार्गावर टाकी पाव ते एक तृतीयांश भरलेली ठेवावी आणि मुक्कामी पोहोचून पूर्ण भरावी.

स्वयंपाकाला तीन लिटरचा कुकर, एक कढई, एक तवा आणि घट्ट झाकणाचा मिसळणाचा डबा पुरतो. फोडणी आत करू नये. मोहरी-हिंगाचा वास गाद्यांत आणि पडद्यांत बसतो, आणि परत करताना स्वच्छतेचा दंड लागतो. बाहेरच्या टेबलावर छोटी इंडक्शन शेगडी किंवा कॅम्प स्टोव्ह मांडावा. आत काहीही शिजवताना छतावरील पंखा चालू आणि एक खिडकी उघडी हवी.

इन्सुलिनसारखी औषधे सोबत असतील तर फ्रीजमध्ये साधा तापमापक ठेवावा. आरव्हीचा गॅसवर चालणारा फ्रीज थंड व्हायला बरेच तास घेतो आणि मागच्या पत्र्याजवळ वस्तू गोठवतो. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये राहिले पाहिजे आणि इन्सुलिन एकदा गोठले तर वापरता येत नाही. गाडी उभी असताना ती सपाट जागी असेल तरच हा फ्रीज नीट चालतो.

आता कढीपत्ता. ह्यूस्टनच्या मामीने परसातल्या झाडाच्या डहाळ्या प्रेमाने बांधून दिल्या, तरी त्या राज्याबाहेर नेऊ नयेत. लिंबूवर्गीय झाडांचा घातक रोग पसरवणारा किडा कढीपत्त्यावर राहतो, आणि म्हणून टेक्सास, फ्लोरिडा, कॅलिफोर्निया येथील नियंत्रित भागांतून ताजा पाला किंवा रोपे हलवण्यावर निर्बंध आहेत. आय-८० वरून कॅलिफोर्नियात शिरताना ट्रकीजवळ शेतमाल तपासणी नाका लागतो. तिथे घरची फळे, लिंबे, पाने याबद्दल विचारणा होते आणि खरे तेच सांगावे. न्यू जर्सी-पेनसिल्व्हेनियातून निघणाऱ्यांनी आणखी एक तपासणी करावी. ‘स्पॉटेड लँटर्नफ्लाय’ या किडीचे चिखलाच्या डागासारखे दिसणारे अंडीपुंज गाडीच्या खालच्या बाजूला, चाकांच्या खोबणीत, खुर्च्यांवर चिकटलेले असू शकतात; ते खरवडून नष्ट करूनच राज्याबाहेर पडावे.

६. गाडी ताब्यात घेताना दोन तास हाताशी ठेवा

घाईत सही करून निघाल्यास सगळे प्रश्न पहिल्या रात्री समोर येतात. बाहेरून चारही बाजू, छताच्या कडा, पुढची काच आणि आतील प्रत्येक कप्पा यांचा व्हिडिओ काढावा. टायरवरील नोंदीतील शेवटचे चार आकडे निर्मितीचा आठवडा आणि वर्ष सांगतात. सहा-सात वर्षांपेक्षा जुना टायर असल्यास बदलून मागावा. पाण्याचा पंप, गीझर, शेगडी, एसी, धूर आणि कार्बन मोनॉक्साइडचे सूचक, हे सगळे कर्मचाऱ्यासमोर चालवून पाहावे.

सावधान : गाडीच्या बाजूला इंधनाचे आणि पिण्याच्या पाण्याचे अशी दोन वेगळी तोंडे असतात. दमलेल्या माणसाकडून पाण्याच्या टाकीत इंधन भरले जाऊ शकते. दोन्ही झाकणांवर मराठीत ठळक चिठ्ठ्या लावाव्यात. पंपावर हिरव्या मुठीचा नळ बहुधा डिझेलचा असतो, म्हणून मुठीचा रंग न पाहता अक्षरे वाचावीत. इंधन भरताना गॅस बंद असावा.

७. नातेवाइकाच्या दारात गाडी लावणे

पोहोचण्याच्या एक तास आधी फोन करून ड्राइव्हवेतील मोटारी हलवायला सांगावे आणि शेवटच्या वळणाआधी थांबून गल्ली एकदा पायी पाहून यावी. मागे घेताना एक माणूस खाली उतरलेलाच हवा. तो चालकाच्या आरशात सतत दिसला पाहिजे. तो दिसेनासा झाला की चालकाने थांबायचे, हा एकच नियम दोघांत ठरवून घ्यावा. सूचना देणारा माणूस एकच असावा. दारात स्वागताला आलेले काका, वहिनी आणि मुले सगळीच हाका मारू लागली, की चालकाला कोणाचे ऐकावे ते कळत नाही. आजी-आजोबांना आणि मुलांना आधीच उतरवून घरात पाठवावे. वळताना गाडीचे शेपूट विरुद्ध बाजूला फिरते आणि टपालपेटी नेमकी तिथेच असते.

वीज जोडताना घरातील साधा प्लग १५ अँपियरचा, म्हणजे १,८०० वॉटचा असतो. आरव्हीची जोडणी मात्र ३० किंवा ५० अँपियरची असते. ॲडॅप्टर लावून दिवे, चार्जर आणि बॅटरी निर्धास्त चालतात, पण एसी चालवू नये. एसी आणि मायक्रोवेव्ह एकदम लावले तर यजमानाच्या गॅरेजमधील सर्किट बंद पडते आणि त्याच सर्किटवरच्या डीप फ्रीजरमधील अन्नही जाते. जोडतार जाड, बाहेर वापरण्याजोगी, १० किंवा १२ गेजची आणि शक्य तितकी आखूड असावी. दिव्यांसाठीची बारीक तार तापून वितळते.

तपासा : अर्ध्या तासाने तार आणि प्लग हाताने चाचपून पाहा. गरम लागल्यास लगेच काढा. उन्हाळ्यात एसीशिवाय झोपवत नसेल तर ज्येष्ठांनी घरात झोपावे.

८. पाणी आणि मैला : इथला क्रम बदलू नका

आरव्हीत तीन टाक्या असतात : स्वच्छ पाण्याची, आंघोळ-भांड्यांच्या सांडपाण्याची, आणि संडासाची. आपल्या घरांत संडासात पाणी वापरण्याची सवय असल्यामुळे तिसरी टाकी, जी बहुधा ३० गॅलनच्या आसपास असते, अपेक्षेपेक्षा फार लवकर भरते. पाणी वापरायला हरकत नाही, उलट त्याने मैला पातळ राहतो, पण सहा जणांच्या कुटुंबाने दर दोन दिवसांनी टाकी रिकामी करण्याची तयारी ठेवावी.

यजमानाच्या हिरवळीवर सांडपाणी सोडू नये, बागेला चालेल असे कोणी म्हटले तरी नाही. बहुतेक ठिकाणी ते बेकायदा आहे, आणि हळदीचे, तेलाचे पाणी दोन दिवसांत वास मारते. टाक्या रिकाम्या करूनच नातेवाइकाकडे जावे. मोठ्या ट्रक थांब्यांवर आणि कॅम्पग्राउंडवर डंप स्टेशन, म्हणजे टाक्या रिकाम्या करण्याची जागा, असते.

तिथला क्रम असा. हातमोजे घाला. नळी आधी जमिनीतील तोंडाला घट्ट बसवा, मग गाडीला, आणि ओढून पाहा. संडासाच्या टाकीचा व्हॉल्व्ह आधी उघडा. प्रवाहाचा आवाज पूर्ण थांबेपर्यंत वाट पाहून तो बंद करा. मग सांडपाण्याचा उघडा, म्हणजे त्या साबणाच्या पाण्याने नळी धुतली जाते. दोन्ही व्हॉल्व्ह बंद झाल्यावर नळी गाडीच्या बाजूने सोडवा, उंच धरून उरलेले पाणी जमिनीतील तोंडात जाऊ द्या आणि मगच दुसरे टोक काढा. शेवटी संडासाच्या टाकीत एक-दोन गॅलन पाणी आणि या टाकीसाठी मिळणाऱ्या औषधाची पुडी टाका.

सावधान : कॅम्पग्राउंडवर नळी जोडून ठेवली असली तरी संडासाचा व्हॉल्व्ह उघडा ठेवू नये. पाणी वाहून जाते, घट्ट मैला टाकीत साचून वाळतो आणि मग तो निघता निघत नाही. पिण्याच्या पाण्याची नळी पांढरी, वेगळी आणि वेगळ्या कप्प्यात ठेवावी. यजमानाची बागेची हिरवी नळी टाकी भरायला वापरू नये.

९. निघताना, प्रत्येक घरातून

निघण्याच्या गडबडीत डबे, साड्या, लोणच्याच्या बरण्या हातात दिल्या जातात आणि गाडीची तपासणी राहून जाते. म्हणून निरोपाआधी, चहाच्या वेळेला, एकाने ही फेरी मारावी : वीजतार काढली, पाण्याची नळी काढली, पायरी आत घेतली, छताची खिडकी लावली, काही गाड्यांत मुक्कामी बाहेर सरकवता येणारा खोलीचा भाग असतो तो आत घेतला, कपाटे आणि फ्रीज कुलूपबंद, गॅस बंद. भेट मिळालेल्या बरण्या वरच्या कप्प्यात ठेवू नयेत; पहिल्याच वळणावर दार उघडून त्या डोक्यावर येतात. त्या जमिनीजवळच्या कप्प्यात टॉवेलमध्ये गुंडाळून ठेवाव्यात.

१०. गाडी परत करताना

शेवटचा मुक्काम नातेवाइकाकडे असेल, तर परत करण्याच्या आदल्या दुपारीच सामान त्याच्या घरात उतरवावे. टाक्या रिकाम्या, इंधन करारात लिहिल्याइतके, आणि आतील केर काढलेला अशी गाडी सकाळी लवकर न्यावी. ताब्यात घेताना काढलेल्या व्हिडिओच्याच क्रमाने पुन्हा व्हिडिओ काढावा आणि अनामत रक्कम परत देण्याची तारीख लेखी घ्यावी. उशांखाली, बाकाच्या गादीमागे आणि फ्रीजच्या दारात हात घालून पाहावे. चष्मे, श्रवणयंत्रे आणि औषधे बहुतेक वेळा तिथेच राहतात.